बंदच का करत नाही?

पेशीविभाजनावर काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "ज्या एन्झाइम्समुळे कॅन्सरच्या पेशी वाढतात, ती सरळ बंदच का करत नाही?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा बैजवार सांगते.

ती एन्झाइम्स कॅन्सरची नाहीतच हो. तुमच्या-माझ्या पेशींनाही विभागायला तीच लागतात. पेशीविभाजनाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ पॉल नर्स यांच्या प्रयोगशाळेत १९८७ मध्ये विभाजन अडलेल्या यीस्टमध्ये माणसाची जनुकं घालून पाहिली, तर त्यातल्या एकाने ते यीस्ट पुन्हा विभागू लागलं. कुठे यीस्ट, कुठे माणूस! मला याचं अजून नवल वाटतं. त्या जनुकातून बनणारं एन्झाइम म्हणजे सीडीके१, पेशीविभाजन चालवणाऱ्या सीडीके नावाच्या एन्झाइमांच्या कुटुंबातलं एक. ते अडवलं तर गाठीबरोबर अस्थिमज्जा आणि आतड्याचं अस्तरही अडणार. फ्लॅव्होपिरिडॉलसारखी सुरुवातीची औषधं एकदम अनेक सीडीकेंना धरायची. त्रास भरपूर, गुण बेताचा.

सीडीके४ आणि सीडीके६ यांची गोष्ट वेगळी. पेशीने विभाजनाच्या वाटेला लागायचं की नाही, या टप्प्यावर आरबी नावाचं प्रथिन पहाऱ्याला असतं. ही जोडी त्याच्यावर फॉस्फेट चिकटवते आणि पहारा ढिला पडतो. स्तनाच्या हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा हेच अती होतं. निरोगी पेशींचं मात्र या जोडीवाचून पुष्कळसं भागतं: सीडीके२, ४ आणि ६ तिन्ही नसलेले उंदरांचे गर्भसुद्धा एकट्या सीडीके१ च्या जिवावर काही दिवस वाढतात.

या जोडीला अडवणारं पॅल्बोसिक्लिब अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालं. २१ दिवस गोळी, मग ७ दिवस सुट्टी. सुट्टी अशासाठी की अस्थिमज्जेत बनणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. पण अस्थिमज्जेतल्या पेशी मरत नाहीत, नुसत्या थांबलेल्या असतात. गोळी थांबली की पुन्हा कामाला लागतात. केमोथेरपीत पेशी मरतात, तिथे इतक्या सहज भरपाई होत नाही.

आणि हो, गोळी कायमची पुरत नाही. काही गाठी आरबीच गमावून बसतात. मग पहारेकरीच नाही म्हटल्यावर सीडीके४ आणि ६ अडवून उपयोग शून्य. काही गाठी सीडीके२ च्या आधाराने पुढे सरकतात. म्हणून आता सीडीके२ ला अडवणाऱ्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत.