तुम्ही विचारलंत म्हणून: डोळ्यातला घड

"काका, मी रोज बायबल वाचते, रोज प्रार्थना करते. पण आत काही हलतच नाही. मग कशासाठी करायचं?"

आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, एक मुलगी नोकरीला पुण्यात असते. गेल्या महिन्यात तिने फोन करून हे विचारलं. तिच्याआधी अनेकांनी विचारलंय. शब्बाथ शाळेतली, म्हणजे मुलांच्या बायबल वर्गातली, पोरं मोठी होऊन शहरात गेली, की वर्षा-दोन वर्षांनी त्यांच्या तोंडून हाच प्रश्न येतो. शेजारचे बागाईतदार वेगळ्या शब्दांत विचारतात, "इतकी वर्षं तेच पुस्तक वाचताय, अजून संपलं नाही का?" त्या दिवशी फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. तुम्हीही विचारलंत, म्हणून आता सवडीने लिहितो. मी काही पाळक, म्हणजे धर्मगुरू, नाही. दिंडोरी तालुक्यात माझी दोन एकर द्राक्षबाग आहे आणि मला जे थोडंफार समजलंय ते त्या बागेत समजलंय.

ज्यांनी द्राक्षं फक्त बाजारात पाहिली आहेत त्यांच्यासाठी आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. ऑक्टोबरच्या सुमाराची ती गोडी छाटणी. तिच्यानंतर घड निघतात आणि फेब्रुवारी-मार्चला माल तयार होतो. लोकांना हीच छाटणी ठाऊक असते, कारण फळ हिच्यामागून येतं. दुसरी एप्रिलमधली, खरड छाटणी. माल उतरलेला असतो, ऊन भाजत असतं आणि आम्ही सगळ्या काड्या ओलांड्यापर्यंत, म्हणजे तारेवर आडव्या पसरलेल्या जुन्या खोडापर्यंत, खरडून टाकतो. एकेक डोळा, म्हणजे नवी फूट जिथून निघते ती कळी, मागे राहतो. बाहेरचा माणूस त्या आठवड्यात बागेत आला तर म्हणेल, बाग मोडली यांनी. कापलेल्या टोकांतून कधी कधी पाणी ठिबकत असतं. लहानपणी मला वाटायचं वेल रडतेय, आणि आईने ते कधी खोडून काढलं नाही.

त्यानंतर नवी फूट येते. सबकेन करायची, म्हणजे फूट मधे खुडून बगलेची काडी वाढवायची, शेंडे मारायचे, काड्या तारेवर बांधायच्या, असं काम चालू राहतं. फळाचा मागमूस नसतो. पण छाटणीपासून साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात काडीवरच्या डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा घड आकार घेतो. सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात तिला. म्हणजे फेब्रुवारीत तुम्ही जो घड हातात घेता तो आदल्या मे-जूनमध्ये ठरलेला असतो, तपकिरी खवल्यांनी झाकलेल्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या डोळ्यात. ऑक्टोबरची छाटणी फक्त दार उघडते. उन्हाळ्यात डोळ्यावर ऊन पडलं नाही, पानांची गर्दी झाली, आभाळ दाटून राहिलं, तर ऑक्टोबरात कितीही खर्च करा, दार उघडल्यावर आतून घडाऐवजी बाळी, म्हणजे नुसता तणावा, निघते. घड जिरला, असं आम्ही म्हणतो.

त्या मुलीला मला हेच सांगायचं होतं, की तुझा हा मे महिना आहे. पण एवढं म्हणून फोन ठेवला असता तर ते नुसतं गोड बोलणं झालं असतं. माझ्यावर जे बेतलं ते सांगितल्याशिवाय मला हे म्हणायचा हक्क नाही.

माझी आई केडगावला पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये वाढली आणि शिकली. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पेटीत रमाबाईंनीच केलेलं बायबलचं भाषांतर होतं. रमाबाईंनी ते मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत केलं. त्यासाठी आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं घातली. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि ग्रंथ छापून बाहेर आला तो १९२४ मध्ये. त्यांच्या हातात तो पूर्ण बांधलेला कधी आलाच नाही. आई ही गोष्ट दर एप्रिलला सांगायची, आमच्या खरड छाटणीच्या दिवसांत, आणि सांगताना दर वेळी तिचा आवाज जड व्हायचा.

आईचा घरात एक नियम होता. संध्याकाळी दिवा लागला की बायबलमधलं एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं. आवडीचं शोधायचं नाही, काल जिथे थांबलो त्याच्या पुढचं. स्तोत्रं दीडशे आहेत. रोज एक घेतलं की पाच महिन्यांत संपतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पहिल्या स्तोत्रात पाण्याच्या प्रवाहाजवळ लावलेलं झाड आहे. ते आपल्या हंगामी फळ देतं. हंगामी या शब्दापाशी ती जरा थांबायची.

२०१० मध्ये माझं आणि दादाचं विहिरीच्या पाण्यावरून बिनसलं. पाळी कोणाची, मोटारीचं बिल कोणी भरायचं, बोलणं इतकंच होतं. पण वाढत गेलं आणि एक दिवस मी त्याला वहिनींसमोर असं काही बोललो जे इथे लिहायची माझी हिंमत नाही. त्यानंतर चार वर्षं आम्ही बोललो नाही. बांध एकच होता. तो बांधावर आला की मी पंप सुरू करायच्या निमित्ताने दुसरीकडे जायचो. उपासनेत तो डाव्या बाजूला बसायचा, मी उजव्या.

त्या चार वर्षांत माझी प्रार्थना वाळून गेली होती. गुडघे टेकायचो, ओठ हलायचे, बस. आई तोवर थकली होती, डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून वाचन माझ्याकडे आलं होतं. आईसाठी वाचतोय, असं मी स्वतःला सांगायचो. चार वर्षं रोज एक, म्हणजे दीडशेचे नऊ-दहा फेरे झाले. त्या प्रत्येक फेऱ्यात एकशेतेहतिसावं स्तोत्र येतं. तीनच ओव्यांचं आहे. बंधूंनी ऐक्याने एकत्र राहणं किती चांगलं, किती मनोरम, अशी त्याची सुरुवात. मी ते सपाट आवाजात वाचायचो, पुस्तक मिटायचो, जेवायला बसायचो. आई काही बोलायची नाही. एकदाही बोलली नाही.

मग २०१४ ची गारपीट आली. फेब्रुवारी-मार्चमधली ती गारपीट महाराष्ट्रात कोणी शेतकरी विसरलेला नाही. माल काढणीला आलेला होता. संध्याकाळी पाऊण तास गारा पडल्या. थांबल्यावर बागेत गेलो तर पायाखाली पांढरा थर आणि त्यात मणी, पानं, फुटलेले घड. आंबूस वास सुटला होता. बॅटरी घेऊन मी पहिली रांग पाहिली, दुसरी पाहिली. तिसऱ्या रांगेशी माझ्या लक्षात आलं की मी बांध ओलांडलाय आणि दादाच्या बागेत उभा आहे.

मी हे ठरवलं नव्हतं. मोठं मन केलं, क्षमा केली, असलं काही त्या क्षणी मनात नव्हतं. पाय गेले. दादा एका खांबाला टेकून चिखलात बसला होता. मी त्याच्याजवळ बसलो. बराच वेळाने तो म्हणाला, "तुझी?" मी म्हटलं, "गेली." मग मी म्हणालो, "दादा, मी चुकलो." एवढंच. त्याने माझा हात धरला. त्याचा हात गार पडला होता.

मी पुष्कळदा विचार करतो, ते पाऊल आलं कुठून? त्या रात्रीतून नाही. मला स्वतःचा स्वभाव ठाऊक आहे. रात्रीने फक्त दार उघडलं. ते ज्या कोरड्या संध्याकाळी मी काही न जाणवता तीन ओव्या वाचत होतो, त्या संध्याकाळी आत बांधलं जात होतं. मला कळत नव्हतं. बायबलात येशूची चार चरित्रं आहेत, त्यांना शुभवर्तमानं म्हणतात; त्यांतल्या मार्काच्या चौथ्या अध्यायात एक लहानसा दाखला आहे, इतर कोणत्याच शुभवर्तमानात नाही. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी उगवून वाढतं, ते कसं, त्याला कळत नाही. येशूने हे किती सरळ सांगितलंय! त्या माणसाने फक्त पेरायचं आहे आणि झोपायचं आहे.

आता छाटणीबद्दल. योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू म्हणतो, "मी खरा द्राक्षवेल आहे आणि माझा पिता माळी आहे." फळ देणाऱ्या फाट्यालाही माळी साफसूफ करतो, असं आमच्या मंडळीत वाचल्या जाणाऱ्या मराठी बायबलात आहे. साफसूफ हा शब्द मला फार आवडतो, घरातला आहे. पुढच्याच ओवीत तो शिष्यांना म्हणतो की माझ्या वचनामुळे तुम्ही शुद्ध झालाच आहात. मूळ ग्रीकमध्ये साफसूफ करणं आणि शुद्ध हे दोन्ही शब्द एकाच मुळातले आहेत. हे मला एका पाळकांनी दाखवलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. म्हणजे माळ्याच्या हातातली कात्री हे वचनच आहे. आजार, कर्ज, मरण यांना आपण उठसूट देवाची छाटणी म्हणतो. मला ते पटत नाही. गारपिटीला मी छाटणी म्हणणार नाही. गारपीट घड फोडते, छाटणी डोळा राखून कापते. एकशेतेहतिसावं स्तोत्र नऊ-दहा वेळा माझ्यावरून फिरलं, ती माझी छाटणी.

वाचायचं किती, हेही मुलं विचारतात. वर्षात अख्खं बायबल संपवायचे तक्ते मिळतात. ज्यांना जमतं त्यांनी करावं. मी बागेतलं सांगतो. आमचा ड्रिपर तासाला थेंब थेंब करत चारेक लिटर पाणी देतो. बागेचं आरोग्य पाहायला आलेला जाणता माणूस पानं नंतर पाहतो, आधी ड्रिपरखालची माती उकरतो. तिथे पांढरी मुळी चालू असली पाहिजे. खाणारी, पिणारी मुळी ती. जिथे रोज ओल असते तिथेच ती सापडते. कन्व्हेन्शनला, म्हणजे मंडळींच्या मोठ्या मेळाव्याला, तीन दिवस रडून आलो आणि पुढे तीन महिने पुस्तक उघडलं नाही, असं मीही तरुणपणी केलंय. पुराचं पाणी वाहून जातं, मुळी तशीच कोरडी राहते. म्हणून थोडं, पण रोज. मी पहाटे पंप सुरू करतो, ड्रिपचे कॉक फिरवून येतो आणि ओट्यावर बसून शुभवर्तमानातल्या दहा-बारा ओव्या वाचतो. एखादा शब्द अडकला तर पुढे जात नाही. मग प्रार्थना. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणतो. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" यापाशी आज कामाला येणाऱ्या बायकांची नावं घेतो, त्यांच्या पोरांची घेतो, दादाचं घेतो. शेवटी थोडा वेळ गप्प बसतो. काही ऐकू येतं का? बहुतेक दिवशी नाही. पाखरं असतात.

एक धोकाही सांगून ठेवतो. नत्र जास्त झालं की वेल माजते. पानं हिरवीगार, फूट जोरात, लांबून बघणाऱ्याला वाटतं काय बाग आहे! पण पानांच्या सावलीत डोळे अंधारात राहतात आणि घड जिरतो. एक काळ होता, सकाळी दहा ग्रुपवर वचनं पाठवायचो, प्रत्येक सभेत प्रार्थनेला उभा राहायचो, शब्द सुंदर यायचे. तोच काळ दादाशी अबोल्याचा होता. घडनिर्मितीच्या दिवसांत आम्ही वेलीचं पाणी मुद्दाम थोडं कमी करतो, म्हणजे ती नुसती वाढत न जाता आत वळते. तुम्हाला वाटणारा प्रत्येक कोरडेपणा देवाने पाणी कमी केल्यामुळेच असतो, असं मी म्हणणार नाही. कधी कॉकच बंद असतो आणि तो आपण बंद केलेला असतो. पण कोरडं वाटलं म्हणून माळी बाग सोडून गेला, असं धरून चालू नका.

आई २०१६ मध्ये गेली. शेवटच्या आठवड्यात दादा आणि मी आळीपाळीने तिच्यापाशी वाचत होतो. तिचा क्रम आम्ही मोडला नाही, जिथे होतो तिथूनच पुढे.

त्या मुलीला मी परवा पुन्हा फोन केला. म्हटलं, सप्टेंबरात दोन दिवस सुट्टी काढून घरी ये. गोडी छाटणीच्या आधी आम्ही काड्या तपासणीला नेतो. प्रयोगशाळेत डोळा मधोमध कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि घड कितव्या डोळ्यात आहे, चौथ्यात की सातव्यात, ते पाहतात. त्यावरून काडी कुठे कापायची ते ठरतं. बाहेरून सगळे डोळे सारखेच दिसतात. तू स्वतः त्या नळीला डोळा लाव. ती म्हणाली, "येते काका." मग जरा थांबून विचारलं, "तोवर काय वाचू?"

मी म्हटलं, काल कुठे थांबली होतीस?