‘रद्द’ या एका शब्दाने बुडवत आणलेली फर्म : आमची वाटचाल

साठा आणि बिलिंगची प्रणाली बनवणं हा आमचा व्यवसाय. माल आला, ऑर्डर लागली, माल गेला, बिल झालं, काही परत आलं, एवढ्याचा हिशेब नगाला नग जुळवायचा. फर्ममध्ये 19 माणसं. त्यातले 6 प्रोग्रॅमर, 2 टेस्टर आणि बाकी सगळे विक्री, सपोर्ट, हिशेब आणि ग्राहकाकडे जाऊन प्रणाली बसवणारे. पहिली चार वर्षं सुरळीत गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. पाचव्या वर्षी एका महिनाअखेरीला आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाच्या गोदामात मोजणी झाली, तेव्हा प्रणालीतला साठा प्रत्यक्षापेक्षा 1,312 नगांनी जास्त निघाला.

दोष कोडमध्ये सापडेना, कारण कोड सांगितल्याप्रमाणेच चालत होता. चूक होती ती इतिवृत्तातल्या एका वाक्यात: ‘ऑर्डर रद्द केली की साठा परत यायला हवा.’ त्याखाली चौघांच्या सह्या होत्या आणि चौघांनी चार निरनिराळ्या गोष्टींना मान्यता दिली होती. विक्रीवाल्याचं ‘रद्द’ म्हणजे ग्राहक नको म्हणाला, माल कुठेही असो. गोदामाचं ‘रद्द’ म्हणजे गाडीत चढवलेला माल उतरवून पुन्हा रॅकवर लावला. हिशेबाचं ‘रद्द’ म्हणजे झालेल्या बिलाची क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली रक्कम ग्राहकाच्या नावे परत जमा दाखवणारा कागद, निघाली. प्रोग्रॅमरचं ‘रद्द’ म्हणजे ऑर्डरच्या ओळीची स्थिती बदलली आणि तिचे नग विक्रीयोग्य साठ्यात मिळवले. मग व्हायचं असं: माल रस्त्यात असताना विक्रीवाला ‘रद्द’ दाबायचा, नग तिथल्या तिथे साठ्यात जमा. दोन दिवसांनी गाडी परत आली की गोदामवाला नियमाप्रमाणे ‘परत आवक’ नोंदवायचा, तेच नग दुसऱ्यांदा जमा. रॅकवर माल एकदाच आलेला असायचा.

पुढचे अकरा दिवस प्रोग्रॅमर म्हणत होते ‘नोंद चुकीची केली’ आणि बाकीचे म्हणत होते ‘प्रणाली चुकीची बनवली’. ग्राहकाच्या व्यवस्थापनाने दोन महिन्यांची देणी थांबवली आणि तुमची माणसं ऐकून घेत नाहीत, असा शेरा मारला. तो शेरा आम्हाला आजही मान्य नाही. ऐकून घेतलं होतं, लिहून घेतलं होतं, सहीसुद्धा घेतली होती. राहून गेलं होतं ते एक उदाहरण आकड्यांनिशी सोडवून बघणं. त्याच आठवड्यात एक स्पर्धक तिथे पोचला, ‘पंधरा दिवसांत सगळं नवीन करून देतो’ म्हणाला आणि काम घेऊन गेला. त्याने दिलेल्या पडद्यावरही ‘रद्द’ हे एकच बटण आहे, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. आमचं निम्म्याहून जास्त उत्पन्न एका महिन्यात गेलं.

फर्म टिकली ती एका जुन्या, लहान ग्राहकामुळे. त्यांच्या गोदामाचे प्रमुख सगळ्यांचे काका. प्रणाली आल्यावरही त्यांनी हाताने लिहायची वही बंद केली नव्हती, आणि आमची पोरं त्यावरून त्यांना कितीदा तरी बोलली होती. काकांनी वही उघडून प्रोग्रॅमरपुढे ठेवली. ‘बाळा, तुझं एक बटण आहे ना, तिथे माझे तीन रकाने आहेत बघ.’ रकाने होते ‘नको झालं’, ‘उतरवलं’ आणि ‘परत आलं’. माल कुठवर गेला होता, एवढ्याच प्रश्नावर ते वेगळे झाले होते. नको झालं म्हणजे माल अजून रॅकवर, फक्त राखीव, म्हणजे त्या ऑर्डरसाठी धरून ठेवलेला, सुटतो. उतरवलं म्हणजे गाडीत चढला होता पण दारातच थांबला. रॅकवर लावून मोजल्यावरच जमा. परत आलं म्हणजे बिल झालं होतं, म्हणून क्रेडिट नोटेशिवाय जमा नाही. प्रणालीत ते तीन रकाने जसेच्या तसे, त्याच नावांनी आले. डेटाबेसच्या टेबलातली स्थितींची नावंसुद्धा तीच.

इथून आमची शब्दवही सुरू झाली. ती आमच्या जुन्या भागीदार बाईंनी घातली. त्या हिशेब सांभाळायच्या, कोडची एक ओळ त्यांनी कधी लिहिली नाही, आणि या फर्ममधलं सर्वांत टिकाऊ तांत्रिक काम त्यांचंच आहे, असं आमचं मत आहे. साधी स्प्रेडशीट आहे, सहा रकान्यांची: शब्द, तो कोण वापरतं, नेमका अर्थ एका वाक्यात, आकड्यांसह एक उदाहरण, हा शब्द म्हणजे काय नव्हे, आणि कोडमध्ये त्याचं नाव काय. सुरुवात 9 शब्दांनी झाली. पाचवा रकाना लोक टाळतात, पण खरं काम तोच करतो. ‘साठा’ म्हणजे ‘राखीव धरून’ की ‘राखीव वगळून’, हे पाचव्या रकान्यात लिहिलं की वाद तिथेच मिटतो. प्रत्येक शब्दाला एक धनी असतो, आणि तो शब्द रोज वापरणाऱ्या विभागातलाच असतो. ‘क्रेडिट नोट’चा अर्थ प्रोग्रॅमरने ठरवायचा नाही, आणि ‘सर्व्हर बंद’ व ‘सर्व्हर मंद’ यांतला फरक विक्रीने ठरवायचा नाही. कोडमधलं नाव बदललं तर वहीतला सहावा रकाना त्याच दिवशी बदलायचा. हे पाळलं नाही तर सहा महिन्यांत वही मरते. आमची एकदा मेली होती आणि पुन्हा उभी करायला तीन आठवडे गेले.

आपलं बोलणं समोरच्याला किती कळलं, याचा अंदाज बोलणाऱ्याला फार चुकीचा येतो. 1990 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटाने वाजवायचा आणि ऐकणाऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं होतं, निम्मी गाणी ओळखली जातील. 120 पैकी ओळखली गेली 3. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर चालू असतो, ऐकणाऱ्याला फक्त टकटक. बैठकीत प्रोग्रॅमर ‘सिंक होतं’ म्हणतो आणि हिशेबवाला ‘लेजरला बसत नाही’ म्हणतो, तेव्हा दोघेही टेबलावर बोटं वाजवत असतात. फक्त नवशिक्यांचंच असं होतं, असंही नाही. 1999 मध्ये मंगळाकडे निघालेलं नासाचं क्लायमेट ऑर्बिटर यान गमावलं, त्यात एका बाजूचे आकडे पाउंड-फोर्स सेकंद या एककात आणि दुसऱ्या बाजूची अपेक्षा न्यूटन सेकंद या एककात होती. फरक 4.45 पटींचा. आकडे आपापल्या जागी बरोबर होते.

म्हणून आता कोड लिहिण्याआधी तिघं बसतात: मागणारा, बनवणारा, तपासणारा. वेळ 25 मिनिटं. चौथा माणूस आला की बैठकीचं भाषण होतं, म्हणून चौथा नाही. तिघांनी मिळून किमान पाच उदाहरणं आकड्यांत सोडवायची: नेहमीचं, शून्याचं, काठावरचं, चुकीचं आणि उलट फिरवण्याचं. सवलतीचं उदाहरण घ्या. ‘25 नगांवर 10 टक्के सवलत.’ नेहमीचं, 40 नग: सवलत आहे. काठावरचं, बरोबर 25 नग: ‘25 नगांवर’मध्ये 25 आले का? विक्रीवाला हो म्हणतो, प्रोग्रॅमरने 25 पेक्षा जास्त असंच धरलेलं असतं. उलट फिरवण्याचं: 40 नगांच्या ऑर्डरीतले 18 परत आले, उरले 22; सवलत राहते की जाते? जात असेल तर क्रेडिट नोट 18 नगांच्या कोणत्या दराने, आणि उरलेल्या 22 नगांची सवलत कोणत्या कागदाने वसूल होणार? हा प्रश्न तिघं बसेपर्यंत कुणाच्याही डोक्यात नव्हता. उत्तर काहीही असो, त्या 25 मिनिटांत मिळालं तर फुकट आहे. महिनाअखेरीला मिळालं तर आमच्यासारखं महागात पडतं. उदाहरणं सुटली नाहीत तर काम सुरू करायचं नाही. टेस्टर नंतर तीच उदाहरणं तपासणीला वापरतो, त्यामुळे वेगळा कागद लागत नाही.

‘झालं’ हा शब्द आम्ही एकट्याने वापरायचा बंद केला. लिहून झालं, तपासून झालं, चढवून झालं, वापरात आलं, अशा चार पायऱ्या आहेत. पहिलीचा पुरावा दुसऱ्या प्रोग्रॅमरने कोड वाचल्याची नोंद, दुसरीचा पाच उदाहरणांचे निकाल, तिसरीचा ग्राहकाच्या सर्व्हरवरचा आवृत्ती क्रमांक, चौथीचा ग्राहकाच्या माणसाने केलेली एक खरी नोंद. विक्रीने ग्राहकाला सांगायचं ते तिसऱ्या पायरीनंतरच. पूर्वी पहिल्या पायरीवरचं ‘झालं’ ऐकून विक्रीवाला ग्राहकाला फोन करायचा, आणि पुढच्या आठ दिवसांत दोन्हीकडचे चेहरे पडायचे.

‘किती वेळ लागेल’ याचंही तसंच. प्रोग्रॅमर कामाचे तास सांगतो, विक्रीवाला तारीख ऐकतो. उत्तरात आता तीन गोष्टी लागतात: कामाचे तास कमीत कमी आणि जास्तीत जास्त, त्यासाठी लागणारे दिवस, आणि कशावर अडून आहे. ‘12 ते 20 तास, 6 दिवस, ग्राहकाने बिलाचा नमुना दिल्यापासून.’ शेवटचा भाग गाळला तर पहिल्या दोनांना अर्थ नाही.

‘फक्त एक रकाना वाढवा’ या मागणीला आमच्याकडे पाच ठरलेले प्रश्न आहेत. जुन्या नोंदींत तो रिकामा राहणार की काही भरायचं? छापील बिलावर जागा आहे का? बाहेर जाणाऱ्या फाइलीत तो आला तर घेणाऱ्याची प्रणाली अडेल का? बेरजेत धरायचा का? कोणाला दिसू नये? विक्रीची माणसं आता हे प्रश्न स्वतः ग्राहकाला विचारून येतात, आणि निम्म्या वेळी ग्राहकच रकाना नको म्हणतो. प्रोग्रॅमरांनाही एक बंधन आहे: तक्रारीच्या उत्तरात ‘वापरणाऱ्याची चूक’ असं लिहायचं नाही. एकच चूक तिघांनी केली तर तो पडद्याचा दोष म्हणून नोंदवायचा.

याचं कारण स्कॅनर. गोदामातून तक्रार यायची की अर्धवट नोंदी आपोआप जतन होतात. कार्यालयात बसून ते कुणालाच घडवता येईना. प्रोग्रॅमर एक दिवस काकांच्या शेजारी उभा राहिला तेव्हा कळलं: बारकोड स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणूनच जोडलेला असतो, आकडे टाइप करतो आणि शेवटी एंटर दाबतो. कार्यालयात आम्ही क्रमांक हाताने टाकून टॅब दाबत होतो, गोदामात एंटरने ‘जतन करा’ दाबलं जात होतं. दुरुस्ती दोन ओळींची होती, शोधायला पाच महिने लागले होते. तेव्हापासून प्रत्येक प्रोग्रॅमर तीन महिन्यांतून एक पूर्ण दिवस ग्राहकाच्या जागेवर काढतो, आणि त्या दिवशी लॅपटॉप उघडायचा नाही.

हिशेब आणि प्रोग्रॅमर यांच्यातली निम्मी भांडणं स्प्रेडशीटने लावलेली असतात. 00457 हा कोड उघडला की 457 होतो. 3-12 असा भाग क्रमांक तारीख होतो. 16 आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल 15 अंकांपर्यंतच अचूक धरतं. हिशेबवाला म्हणतो फाइल खराब आली, प्रोग्रॅमर म्हणतो पाठवताना ठीक होती, आणि दोघांचंही खरं असतं. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल, दोनदा क्लिक करून उघडायची नाही; कोरी शीट उघडून डेटा मेनूतून आयात करायची आणि कोडचे रकाने ‘मजकूर’ म्हणून निवडायचे. ही पायरी दाखवायला दहा मिनिटं लागतात. ती हिशेबातल्या माणसाने हिशेबातल्या माणसाला दाखवावी. प्रोग्रॅमरने दाखवली की ती वर्गात शिकवल्यासारखी वाटते आणि टिकत नाही.

दर गुरुवारी अर्धा तास नवीन काम दाखवायचं असतं. माऊस वापरणाऱ्याच्या हातात, बनवणारा हात मागे घेऊन गप्प. हात कुठे थांबला ते टेस्टर मिनिट-सेकंदासह लिहितो. प्रोग्रॅमरला गप्प बसणं जड जातं. पहिल्या पाच मिनिटांत ‘तिथे नाही, वर क्लिक करा’ म्हटलं की पुढचं निरीक्षण वाया.

सपोर्टकडून येणारी तक्रार तीन ओळींची: काय करत होतो, काय व्हायला हवं होतं, काय झालं. सोबत बिल क्रमांक, वेळ आणि पूर्ण पडद्याचं चित्र. कापलेलं चित्र नको, कारण कापलेल्या भागातच बहुधा शाखेचं नाव असतं. आठवड्याला एक प्रोग्रॅमर पाळीवर असतो आणि सपोर्टने त्यालाच गाठायचं. पाळीवरच्याला त्या आठवड्यात निम्मंच नवीन काम द्या. आम्ही आधी पूर्ण देत होतो, मग तो फोन टाळायचा आणि सपोर्ट पुन्हा दिसेल त्याला पकडायचा.

मालकांना एक सांगायचंय, कुणी विचारलं नसलं तरी. दोन्ही बाजू जुळवायला मधे दुभाषा नेमू नका. आम्ही समन्वयक नेमला होता, हुशार होता. आठ महिन्यांत दोन्ही बाजूंचं एकमेकांशी बोलणं थांबलं, तो रजेवर गेला की काम थांबायचं, आणि प्रत्येक निरोप दोनदा भाषांतरित होऊन चुकायचा. पुढे त्याच स्पर्धकाने त्याला जास्त पगार देऊन नेलं, आणि आमचा पाच उदाहरणांचा तक्ता आज तिथे त्यांची स्वतःची पद्धत म्हणून दाखवला जातो. तक्ता नेला याचं दुःख नाही. बाईंचं नाव कुठेच नाही, याचं आहे.

बाई आता फर्ममध्ये नाहीत. शब्दवहीत आज 146 शब्द आहेत. गेल्या महिन्यापासून ‘पोचलं’ या शब्दाचा तिसरा रकाना रिकामा आहे. गाडी दारात लागली तेव्हा पोचलं, की समोरच्याने सही केली तेव्हा, की त्याने माल मोजला तेव्हा, यावर गोदाम आणि हिशेब अजून भांडतायत. पुढच्या सोमवारी काका येतायत, जुनी वही घेऊन.