आर्थर रेबर: आधी म्हणाला जाणीव लागतच नाही, मग म्हणाला बॅक्टेरियालाही आहे

आर्थर रेबर हा अमेरिकन कॉग्निटिव्ह सायकॉलॉजिस्ट, म्हणजे माणूस कसा शिकतो-विचार करतो याचा अभ्यास करणारा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजमध्ये बरीच वर्षं होता, आणि त्याच्या कामाचे दोन भाग शेजारी शेजारी ठेवले की माझं डोकं गरगरायला लागतं. पहिल्या भागात तो सांगतो की माणूस खूप काही शिकतो आणि आपण शिकलोय हे त्याच्या गावीही नसतं. दुसऱ्या भागात, उतारवयात, तोच माणूस म्हणतो की जाणीव एका पेशीपासून सुरू होते, बॅक्टेरियालाही ती आहे. म्हणजे जिथे सगळे म्हणत होते की जाणीव हवीच तिथे हा म्हणाला गरज नाही, आणि जिथे तिचं कोणी नावही काढत नव्हतं तिथे हा म्हणाला आहे! पलटी मारली की काय असं वाटतं. पण तसं नाहीये, गंमत जरा वेगळीच आहे.

आधी 1967 चा तो प्रयोग. पी, एस, टी, व्ही, एक्स अशी पाच इंग्रजी अक्षरं घ्यायची. एक आकृती काढायची, गोल आणि त्यांना जोडणारे बाण, प्रत्येक बाणावर एक अक्षर. एका टोकाने आत शिरायचं, बाणांवरून फिरत फिरत दुसरीकडून बाहेर पडायचं, वाटेत लागतील ती अक्षरं लिहीत जायची, की झाली एक ओळ तयार. बघणाऱ्याला ती ओळ म्हणजे मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी दिसते, पण तिच्यामागे पक्के नियम असतात. रेबरने लोकांना या ओळी पाठ करायला दिल्या, सांगितलं की ही मेमरीची टेस्ट आहे, बस. आणि नंतर अचानक म्हणाला की या ओळींना व्याकरण होतं, आता या नवीन ओळी बघा आणि यातल्या कुठल्या नियमात बसतात ते सांगा. लोकांनी साधारण 79 टक्के बरोबर ओळखलं, नुसता अंदाज असता तर 50 च्या आसपास आलं असतं. आणि नियम काय होते विचारलं तर कोणाला धड सांगता येईना, म्हणे "ही बरोबर वाटते", "ही काहीतरी खटकते". याला त्याने इम्प्लिसिट लर्निंग म्हटलं, नकळत शिकणं.

दोन वर्षांनी, 1969 मध्ये, त्याने अजून एक खोडी काढली. आकृती तीच ठेवून मधेच सगळी अक्षरं बदलली, तर लोकांचं फारसं काही बिघडलं नाही. अक्षरं तीच ठेवून आकृती बदलली तेव्हा मात्र लोक अडखळले. म्हणजे डोक्यात नुसती अक्षरं बसलेली नव्हती, त्यांच्यामागची घडण काही प्रमाणात तरी बसली होती. मला विचाराल तर हा दुसरा प्रयोग पहिल्यापेक्षा भारी आहे, चर्चा मात्र पहिल्याचीच जास्त होते.

ज्यांना हे सगळं लॅबमधलं वाटतंय त्यांनी स्वतःच्याच मराठीकडे बघावं. टेबल ते, सायकल ती, मोबाइल तो, हे आपल्याला कोणी शिकवलं? बाहेरून नवीन शब्द येतो आणि थोड्याच दिवसांत सगळे त्याला एकच लिंग लावून मोकळे, आणि का लावलं विचारलं तर "असंच असतं ना" याच्यापुढे गाडी जात नाही. (भाषेच्या अभ्यासकांना विचारू नका, ते तासभर सांगतील.)

आता टीका. टीका झाली आणि ती फालतू नव्हती. 1990 मध्ये पेरुशे आणि पाक्तो या दोघांनी दाखवलं की लोकांना अख्खं व्याकरण कळलेलं असायची गरजच नाही, कुठल्या अक्षरापाठोपाठ कुठलं अक्षर येतं एवढ्या जोड्या लक्षात राहिल्या तरी बराचसा निकाल तसाच येतो, आणि त्या जोड्या तर माणसाला सांगताही येतात, मग नकळत काय राहिलं? 1994 मध्ये शँक्स आणि सेंट जॉन यांनी या सगळ्या प्रयोगांचा हिशोब मांडला आणि म्हणाले की "नकळत" हे नीट सिद्ध झालेलंच नाही, तुम्ही लोकांना प्रश्नच चुकीचा विचारताय. माझ्या मते यात बरंच तथ्य आहे. तरी पण मला जे खरंच पटवून गेलं ते स्मृती गेलेल्या पेशंट्सचं काम. 1992 मध्ये नोल्टन, रेमस आणि स्क्वायर यांनी अॅम्नेशिया असलेल्या लोकांना असंच व्याकरण दिलं. आधी कुठल्या ओळी पाहिल्या होत्या हे ओळखण्यात ते लोक मागे पडले, पण कुठली ओळ नियमात बसते हे ते इतरांइतकंच बरोबर सांगत होते. ओळ आठवत नाही पण तिची घडण कळते! जोड्या काय नि व्याकरण काय, जे काही शिकलं गेलं ते आठवणीच्या नेहमीच्या दारातून आत आलेलं नाही एवढं तर नक्की.

यातूनच रेबरचा उत्क्रांतीचा मुद्दा येतो आणि माझ्या मते त्याच्या दोन भागांमधला पूल हाच आहे. त्याचं म्हणणं असं की नकळत शिकण्याची यंत्रणा ही जुनी, आणि विचार करून शब्दात मांडून शिकणं ही कालची गोष्ट. उत्क्रांतीत जे जुनं असतं ते चिवट असतं. मग जुनी यंत्रणा मेंदूला इजा झाली तरी टिकायला हवी, माणसामाणसात तिचा फरक कमी दिसायला हवा, आणि आयक्यूशी तिचं फार देणंघेणं नसावं. 1991 मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं, तर विचार करून सोडवायच्या कोड्यांचा आयक्यूशी चांगला संबंध निघाला आणि नकळत शिकण्याचा जवळजवळ नाही. स्पर्धा परीक्षांचं जग चालवणाऱ्यांनी हा निकाल भिंतीवर लावायला हरकत नाही.

तर मन किती जुनं हे शोधत असं मागे मागे जात राहिलं की प्रश्न पडतो, थांबायचं कुठे? माकड, उंदीर, मासा, माशी, आणि त्याच्याही मागे? 2019 मध्ये ऑक्सफर्डने रेबरचं 'द फर्स्ट माइंड्स' काढलं, त्यात त्याने सरळ सांगून टाकलं की थांबूच नका, पहिल्या पेशीपर्यंत जा. त्याचा युक्तिवाद असा की जाणीव मेंदूत कुठेतरी उगवते म्हणणाऱ्यांना एक चमत्कार मान्य करावा लागतो, इथपर्यंत कोणालाच काही जाणवत नव्हतं आणि अमुक इतके न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या पेशी, जमले आणि अचानक जाणवायला लागलं. कसं? कोणालाच माहीत नाही. त्यापेक्षा जीव आला तेव्हाच जाणवणंही आलं असं मानलं की चमत्कार एकदाच, सुरुवातीला, आणि पुढे नेहमीची उत्क्रांती. मला हे ऐकायला छान वाटतं पण ही हातचलाखी आहे, चमत्कार गेला कुठे, तो नुसता मागे सरकवला.

पुरावा म्हणून एकपेशीय जीवांच्या करामती पुढे येतात आणि त्या खरंच अफलातून आहेत. ई कोलाय हा बॅक्टेरिया घ्या. लांबी जेमतेम दोन मायक्रॉन, त्यामुळे पुढच्या टोकाला अन्न जास्त की मागच्या हे एकाच वेळी नीट मोजण्याइतकी जागाच अंगात नाही. मग ते काय करतं, आत्ताची चव आणि काही सेकंदांपूर्वीची चव यांची तुलना करतं, सुधारतंय असं दिसलं की सरळ पोहत राहतं, बिघडतंय असं दिसलं की गडबडा लोळून दिशा बदलतं. ही काही सेकंदांची आठवण त्याच्या रिसेप्टरवर, म्हणजे चव ओळखणाऱ्या रेणूंवर, मिथाइल गट नावाचे छोटे रासायनिक तुकडे चिकटण्या-सुटण्यात साठवलेली असते. तसंच ते पिवळं स्लाइम मोल्ड, फायझॅरम, अनेक केंद्रकं असलेली एकच भलीमोठी पेशी. 2000 मध्ये नाकागाकी आणि मंडळींनी त्याला चक्रव्यूहात ठेवलं, दोन टोकांना ओटचं अन्न, तर पठ्ठ्याने बाकी रस्ते सोडून सगळ्यात जवळचा धरला. 2016 मध्ये फ्रान्समधल्या ड्युसुटूर यांच्या टीमने त्याच्या वाटेत क्विनाइन किंवा कॅफिन असे त्याला नावडते कडू पदार्थ ठेवले, आधी ते बिचकलं, काही दिवसांत सरावलं आणि बिनधास्त ओलांडायला लागलं. मेंदू शून्य, न्यूरॉन शून्य, आणि तरी सवय होते.

पण इथेच माझी गाडी अडते. सरावणं हे शिकणं आहे, कबूल. पण शिकण्यासाठी जाणीव लागत नाही हे मला शिकवलं कोणी? रेबरनेच! 1967 पासून हा माणूस ओरडून सांगतोय की शिकणं जाणिवेशिवाय होतं, मग स्लाइम मोल्ड शिकलं यावरून त्याला जाणीव आहे हे कसं काय निघतं? त्याच्या तरुणपणीच्या कामाइतकं धारदार हत्यार त्याच्या म्हातारपणीच्या सिद्धांताविरुद्ध दुसरं कुठलंही नाही.

यावर रेबरच्या बाजूने एक उत्तर देता येतं आणि ते मी बराच वेळ चघळलं. त्या प्रयोगातला माणूस काही बेशुद्ध नव्हता. त्याला अक्षरं दिसत होती, कंटाळा येत होता, "ही ओळ खटकते" हे जाणवत होतं. नकळत होता तो नियम. आपल्याला काय माहीत आहे हे माहीत असणं वेगळं आणि काहीतरी जाणवणं वेगळं, आणि रेबर पेशीला देतोय ती दुसरी गोष्ट, बरं-वाईट वाटण्याची अगदी कच्ची क्षमता, पहिली नव्हे. त्यामुळे दोन्ही भाग एकमेकांना खोटं पाडत नाहीत. बरोबर. पण खोटं पाडत नाहीत म्हणजे आधार देतात असंही नाही ना, पेशीला खरंच काही वाटतं याचा पुरावा अजून यायचाच आहे.

भूल देण्याचा मुद्दा पण काढतात, की भुलीने आपली जाणीव जाते, आणि भूल पेशीवरही चालते, म्हणजे पेशीलाही जाणीव असणार. क्लॉड बर्नार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने 19 व्या शतकातच दाखवलं होतं की इथर हे भुलीचं औषध दिलं की लाजाळूसुद्धा पानं मिटत नाही, आणि भुलीची औषधं एकेकट्या पेशींवरही परिणाम करतात. पण त्यातून पेशीची यंत्रणा मंदावते एवढंच कळतं. दिवा विझला हे कळायला आधी तो लागलेला होता हे तरी माहीत हवं.

मग टेस्ट कुठली लावायची? प्राण्यांमध्ये वेदना शोधणारे लोक तडजोड बघतात. 2009 मध्ये एलवुड आणि अॅपेल यांनी हर्मिट क्रॅबना, म्हणजे रिकाम्या शंखात राहणाऱ्या त्या खेकड्यांना, हलके शॉक दिले. शंख नावडता असेल तर ते लवकर सोडून पळाले, आवडता असेल तर जास्त सोसत राहिले. म्हणजे नुसता रिफ्लेक्स नाही, त्रास विरुद्ध फायदा असं काहीतरी तोललं जातंय. मलाही हा पुरावा वजनदार वाटायचा. आणि मग 2010 मध्ये लॅटी आणि बीकमन यांनी त्याच फायझॅरमपुढे चांगलं अन्न प्रकाशात आणि हलक्या दर्जाचं अन्न अंधारात ठेवलं, प्रकाश त्याला घातक असतो, तर त्यानेही अन्नाचा दर्जा आणि प्रकाशाचा धोका दोन्ही तोलून निवड केली. झालं! आता एक तर स्लाइम मोल्डला खेकड्याच्या पंगतीत बसवा, नाहीतर खेकड्याचा दावा थोडा खाली आणा. रेबर अर्थातच पहिलं करणार. मी सध्या दुसरं करतोय, म्हणून त्या खेकड्याला स्वतःच्या हाताने शॉक द्यायला मी तयार होईन असं मात्र नाही.