राज्यशास्त्राच्या बीएला नक्की काय शिकायचं असतं

राज्यशास्त्राला ॲडमिशन घेतली की लोक दोनच गोष्टी विचारतात, राजकारणात जाणार का आणि पुढच्या निवडणुकीत कोण येणार. पहिल्या वर्षाला येणारी बरीच मुलंही तेवढ्यावरच आलेली असतात, बातम्या बघायला आवडतात, वाद घालायला आवडतं, म्हणून हा विषय. मग सेमिस्टर सुरू होतं आणि समोर प्लेटो, ॲरिस्टॉटल, आठवडेच्या आठवडे अथेन्स. कित्येकांचा रस तिथेच आटतो आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण खरी मजा अजून पुढेच असते.

मला विचाराल तर हा विषय नेत्यांचा कमी आणि नियमांचा जास्त आहे. कोण चांगला कोण वाईट ते जरा बाजूला ठेवा आणि नियम बदलला की निकाल कसा फिरतो ते बघा. वही घ्या आणि खरंच हे मांडून बघा. 100 मतदार, तीन उमेदवार, अ, ब आणि क. 40 जणांची पसंती आधी अ, मग क, मग ब. 35 जणांची ब, मग क, मग अ. उरलेल्या 25 जणांची क, मग ब, मग अ. ज्याला जास्त मतं तो जिंकला असा साधा नियम असेल तर अ आला, 40 मतांवर विषय संपला. दोन फेऱ्या असतील तर क बाहेर जातो, त्याची 25 मतं ब ला मिळतात आणि ब 60 मतांनी निवडून येतो. आता दोघादोघांची समोरासमोर लढत लावा, क विरुद्ध अ मध्ये क ला 60, क विरुद्ध ब मध्ये क ला 65, म्हणजे पहिल्या पद्धतीत जो शेवटचा होता तोच इथे दोघांनाही हरवतो! एकाही मतदाराने आपलं मत बदललेलं नाही तरी तिन्ही वेळा विजेता वेगळा. मग "जनतेचा कौल" म्हणजे नक्की कोणता? फ्रान्समध्ये कॉन्डोर्से नावाचा गणितज्ञ 1785 मध्ये याच कोड्यांवर लिहीत होता.

आणि हे फक्त वहीतलं गणित नाहीये. न्यूझीलंडमध्ये 1978 आणि 1981 अशा लागोपाठ दोन निवडणुकांत लेबर पक्षाला मतं जास्त पडली आणि जागा मात्र नॅशनल पक्षाला जास्त, सरकारही त्यांचंच. लोकांचा जुन्या पद्धतीवरचा (प्रत्येक मतदारसंघात ज्याला जास्त मतं तो जिंकला) विश्वास उडायला हे एक मोठं कारण झालं, 1993 ला सार्वमत होऊन पद्धत बदलली आणि 1996 पासून तिथे मतांच्या प्रमाणात जागा मिळायला लागल्या. असं एक उदाहरण नीट समजलं की निवडणूक पद्धतींचं अख्खं युनिट पाठ करायची गरजच राहत नाही.

राजकीय विचारांच्या पेपरचंही तसंच. हॉब्ज या इंग्रज विचारवंताचा सामाजिक करार (लोक सुरक्षिततेसाठी आपणहून एका सत्तेच्या हाती अधिकार देतात ही कल्पना) नोट्समध्ये चार मुद्द्यांत संपतो आणि वाचणाऱ्याला वाटतं हा माणूस एवढा का घाबरलाय. पण त्याचं लेव्हायथन हे पुस्तक आलं 1651 ला, त्याच्या दोनच वर्षं आधी इंग्लंडच्या राजाचा जाहीर शिरच्छेद झालेला, देश यादवी युद्धातून जात होता. हे माहीत असलं की भक्कम सत्ता हवी हा त्याचा हट्ट समजतो, पटला नाही तरी समजतो. लॉक हा दुसरा इंग्रज विचारवंत नंतरचा, त्याच्यापुढे प्रश्न उलटा होता, राजाच डोईजड झाला तर काय करायचं. म्हणून विचारवंत वाचताना त्याच्या आजूबाजूला काय चाललं होतं ते आधी बघावं, आणि मूळ पुस्तकाची निदान दहा-वीस पानं तरी स्वतः वाचावीत, गाइडमध्ये निष्कर्ष मिळतात पण तो माणूस तिथपर्यंत कसा पोचला ते मिळत नाही.

रिसर्च मेथड्सचा पेपर बहुतेकांना नकोसा असतो. आकडेवारी बघितली की मुलं म्हणतात यासाठी आर्ट्सला आलो का. अहो पण 34 टक्के मतांवर 60 टक्क्यांहून जास्त जागा कशा मिळाल्या (ब्रिटनमध्ये 2024 ला लेबरचं हेच झालं) हे आकड्यांशिवाय समजणार कसं?

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तर कृपया "लोकशाहीसमोरील आव्हाने" असला विषय घेऊ नका, त्यात काहीही लिहिलं तरी चालतं आणि म्हणूनच त्यातून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा न्यूझीलंडमध्ये 1996 नंतर छोट्या पक्षांनी पाठिंब्याच्या बदल्यात काय काय मिळवलं असा छोटा प्रश्न घ्या, पहिल्याच निवडणुकीनंतर एका छोट्या पक्षाच्या नेत्याला उपपंतप्रधानपद मिळालं होतं. आघाडीचे करार, मंत्र्यांच्या याद्या, संसदेतलं मतदान, सगळं उघड आहे, बसून वाचलं तर उत्तर सापडतं.