पावसाळ्यात पोल का निसटतो, ते अखेर सापडलं

पोल डान्समधला आउटसाइड लेग हँग धरला, म्हणजे एका गुडघ्यामागच्या लवणीत पोल अडकवून उलटी लटकले. दोन्ही बाजूंनी, दोन्ही हात सोडून, आणि तोही ऐन जुलैत, बाहेर पाऊस कोसळत असताना! मागची नोंद ज्यांनी वाचली आहे त्यांना याचं मोल कळेल. जून सरता सरता माझा पोल इतका निसरडा झाला होता की साधी पोल सिटसुद्धा (मांड्यांत पोल धरून बसणं) सरकत खाली यायची आणि क्लाइंब करताना नडग्या पकडच घेत नव्हत्या. एप्रिलच्या उकाड्यात जमलेलं सगळं पावसाळ्याने हिरावून घेतलं होतं. ते परत कसं मिळालं हे आज सविस्तर लिहिते, कारण मुंबई-ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात घरी सराव करणाऱ्या बहुतेकींचं दुखणं हेच असणार आणि सगळ्याजणी ग्रिपच्या, म्हणजे पकड वाढवणाऱ्या द्रवांच्या, बाटल्यांवर पैसे घालवत असणार.

सेटअप तोच आहे. ४५ मिमी, क्रोम, छत आणि जमीन यांच्यामध्ये दाबावर बसणारा, स्पिन-स्टॅटिक (फिरता आणि स्थिर) दोन्ही. हॉलची उंची स्लॅबपर्यंत २.८८ मीटर, म्हणून वर २५० मिमीचं एक्स्टेन्शन. नवीन घेणाऱ्यांसाठी पुन्हा एकदा: एक्स-पोल कंपनीचा साधा एक्सपर्ट संच २७४५ मिमीपर्यंतच जातो आणि आपल्याकडच्या पुष्कळ फ्लॅटचा स्लॅब त्याच्याही वर असतो. आधी टेप लावून उंची मोजा आणि एक्स्टेन्शन संचाबरोबरच मागवा. फॉल्स सीलिंगला डोम (पोलचं छताला टेकणारं टोक) टेकवायचा विचारही करू नका, जिप्सम बोर्ड हा भार घेत नाही. छताचा पंखा मी केव्हाच काढला. खोलीच्या मधोमध पंख्याचा हुक असतो आणि पोललाही तीच जागा हवी असते. पंख्याने भिंतीवर जावं, यावर माझं मत पक्कं आहे.

आता मूळ दुखणं. पहिला संशय अर्थातच घामावर गेला. तळव्यांना ड्राय हँड्स नावाचं ग्रिप लावलं, लिक्विड चॉक (द्रवातला खडू) लावला, रात्री झोपताना तळव्यांना घाम रोखणारं लोशन लावून बघितलं. हात खरंच कोरडे झाले, तरी पोल निसटत राहिला. मग मांड्यांना आणि गुडघ्यामागच्या लवणीत आयटॅक हा चिकट ग्रिप लावला. एरवी तो माझा भरवशाचा गडी, पण आता चिकटायच्या ऐवजी पोलवर त्याचा पांढुरका बुळबुळीत थर जमायला लागला. राळही लावून झाली. दोरीच्या मल्लखांबाच्या दिवसांपासून राळेवर माझा जीव आहे, पण क्रोमवर ती डाग धरून बसते आणि स्पिरिटने पुसताना जीव नकोसा होतो. एका विक्रेत्याने ‘पावसाळी फॉर्म्युला’ म्हणून गळ्यात मारलेली बाटली तर साध्या खडूच्या पाण्यासारखी निघाली. नाव घेत नाही. फक्त एवढंच सांगते की बाटलीवर घटक छापलेले नसतील तर ती घेऊ नका.

खरा धागा मिळाला तो उंचावर. क्लाइंब करून वर गेले आणि जिथे त्या दिवशी माझा हात पोचलाच नव्हता तिथेही पोल निसरडा लागला. तिथे माझा घाम कुठून येणार? खाली उतरून मोबाइलचा टॉर्च पोलला तिरका धरला. क्रोमची चकाकी गेलेली होती. वरपासून खालपर्यंत अगदी बारीक धुकं धरलेलं होतं, इतकं बारीक की खोलीच्या नेहमीच्या दिव्यात ते दिसतच नाही. त्यातून बोट ओढलं तर मागे चकचकीत रेघ उमटली आणि तिच्या दोन्ही कडांना पाण्याचे टिपूस गोळा झाले. टिश्यू पेपर गुंडाळून दाबला, तो ओला झाला. मी वॉर्मअपही पुरता केलेला नव्हता. पोल हवेतलं पाणी ओढत होता. दव पडत होतं हॉलमध्ये!

आपण सगळ्या सहसा काय करतो? आधी एसी लावून खोली गार करतो, मग स्नायू आखडू नयेत म्हणून एसी बंद करून खिडकी उघडतो आणि सराव सुरू करतो. व्हिडिओंमधल्या कोचही हेच सांगतात, आणि कोरड्या हवेच्या गावात ते बरोबरच आहे. आपल्याकडे जुलैत याच क्रमाने घात होतो. एसीने हवेबरोबर पोलही २३-२४ अंशांवर आणलेला असतो. खिडकी उघडली की बाहेरची २८ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा आत येते. या हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंश. म्हणजे २५ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर तिच्यातलं पाणी बसणारच. खोलीतली हवा झटकन बदलते, पण पोलाद सावकाश तापतं, आणि नेमक्या त्याच वेळात आपण पोलवर असतो. थंडगार सरबताचा पेला बाहेरून ओला होतो, तोच हा प्रकार, फक्त पेल्याच्या जागी आपण उलटे लटकलेले.

दवबिंदूचा ठोकळ हिशेब तोंडपाठ करून ठेवण्याजोगा आहे. १०० मधून आर्द्रता वजा करा, उरेल त्याला ५ ने भागा आणि तेवढे अंश खोलीच्या तापमानातून कमी करा. २८ अंश आणि ८५ टक्के असेल तर १५ भागिले ५ म्हणजे ३, दवबिंदू २५. ३० अंश आणि ८० टक्के असेल तर २६. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तोवर हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो, आणि पावसाळ्यात ती खाली येतेच कुठे. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र ग्रिपच्या एका आयात बाटलीपेक्षा स्वस्त मिळतं. माझ्या मते पावसाळ्यातली पहिली खरेदी तीच हवी.

पोलचं तापमान मोजणं मात्र अवघड होतं. कपाळावर धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर बऱ्याच घरांत असतो, पण चकचकीत क्रोमवर तो भलतेच आकडे दाखवतो. आरशासारखा धातू स्वतःची उष्णता फार कमी सोडतो, त्यामुळे थर्मामीटर समोरच्या भिंतीचं, नाहीतर आपल्याच अंगाचं प्रतिबिंब वाचतो. शिवाय कपाळाचा थर्मामीटर शरीराच्या तापमानापुरताच बेतलेला असतो. त्यामुळे कारखान्यात वापरतात तसला घ्यावा लागतो, आणि पोलवर, हातापायांच्या वाटेत येणार नाही अशा उंचीवर, इलेक्ट्रिशियनच्या काळ्या टेपचा तुकडा चिकटवायचा. टेप थोड्याच वेळात पोलइतकी गार किंवा गरम होते. थर्मामीटर त्या टेपवर धरला की आकडा खरा येतो. पहिल्यांदा हा आकडा दवबिंदूच्या खाली दिसला तेव्हा मी हॉलमध्ये एकटीच ओरडले. किती आठवडे तळव्यांना दोष देत होतो आपण!

उपाय साधा निघाला. एसी ड्राय मोडवर, २७ अंश, दारंखिडक्या बंद, आणि सराव संपेपर्यंत तो बंद करायचा नाही. खोलीची आर्द्रता साठीच्या आत आली की दवबिंदू विशीच्या खाली जातो आणि पोलवर काही बसूच शकत नाही. सुरुवातीला पोल कोरड्या पंचाने वरपासून खालपर्यंत जोर लावून घासायचा. पुसण्यासाठी नव्हे, तापवण्यासाठी. हात, लवण आणि काख जिथे टेकते तेवढ्या भागावर हेअर ड्रायर फिरवला तर उत्तमच, पण जोडाच्या आणि बेअरिंगच्या जागी फार वेळ धरू नका. या एवढ्या तयारीवर परवा लेग हँग लागला, आणि अंगाला ग्रिप म्हणून काहीही लावलेलं नव्हतं. लवणीत पोल बसला, मी कंबर किंचित वळवली, काखेच्या बाजूने दाब दिला, हात सोडले, आणि कातडी जागच्या जागी थांबली. ती जी चिमटीत धरल्यासारखी आग होते ना, तिच्यासाठी मी दीड महिना आसुसले होते.

एसी नसेल तरी बिघडत नाही. खोली दिवसभर उघडीच असेल तर पोल आणि हवा एकाच तापमानाला असतात, मग दव पडत नाही, उरतो तो निव्वळ घाम. आणि घामावर आपल्या जुन्या बाटल्या खरंच चालतात. लिक्विड चॉक मी डेकॅथलॉनचाच वापरते आणि समाधानी आहे. भिंतीवरचा पंखा सरळ पोलवर सोडा. अर्धा दिवस एसी आणि अर्धा दिवस उघडी खिडकी, हे मधलंच घातक.

लहानपणी हा त्रास कधी का झाला नाही, तेही आता लक्षात येतंय. व्यायामशाळेतला मल्लखांब सागवानी होता आणि आम्हा मुलींची दोरी सुती. लाकूड आणि सूत हाताला गार लागत नाही, कातडी टेकताक्षणी तेवढी जागा उबदार होते आणि थोडीफार ओल आत मुरते. तिथे अडचण उलटी असायची. खांब कातडीला इतका धरायचा की मुलं त्याला एरंडेल चोळून मगच पायांची अढी मारायची. धातूला एरंडेलाची बाटली दुरूनही दाखवू नका! तेलावरून आठवलं, वेणीचं खोबरेल हाही पोलचा छुपा शत्रू आहे. इन्व्हर्टमध्ये, म्हणजे पोलवर उलटं होताना, वेणी पोलला घासते आणि तो पट्टा पुढे दिवसभर निसटत राहतो. सरावाच्या आदल्या दिवशी केस धुवायचे, अंगाला मॉइश्चरायझर नाही, आणि पोल स्पिरिटने पुसून घ्यायचा.

आता खरेदीचं. मागच्या नोंदीत मी ब्रासचा पोल मागवणार असं लिहिलं होतं. घामट हातांना ब्रास जास्त धरतो असा बऱ्याच जणींचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. पण दवाला धातूचं नाव कळत नाही. ब्रास २३ अंशांवर असेल तर तोही तितकाच ओला होणार, वर काळवंडणार आणि घासूनपुसून ठेवावा लागणार. म्हणून ती ऑर्डर सध्या थांबवली. पावडर कोटिंगचाही विचार होता. त्याची पकड सगळ्यात घट्ट, पण स्पिन मोडमध्ये अंगाला घासून कातडी सोलवटते आणि मला याच वर्षी स्पिनवर जास्त काम करायचं आहे. क्रोमच राहील. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र क्रोम घेताना जपून, त्यांच्यासाठी स्टेनलेस स्टील बरं.

फॅब्रिकेटरकडून पोल बनवून घ्यावा का, हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. मी एका ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे जाऊन आले, मोठ्या आशेने. रेलिंगची नळी मिळते ३८.१ किंवा ५०.८ मिमीची, दीड इंची म्हणून जो पाइप मिळतो तो बाहेरून ४८.३ मिमी. ४५ मिमी दुकानात तयार मिळेना. आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा पोल ४५ मिमीचा असतो, आणि लहान तळव्यांना ५०.८ वर नीट मूठ वळत नाही. त्यातून रेलिंगच्या नळीची भिंत पातळ, उलटं लटकल्यावर ती वाकली तर? वरचा डोम, खालचा जॅक, बेअरिंग हे सगळं त्याला अंदाजाने करायचं होतं. रेलिंग तो सुरेख करतो, पण डोकं खाली करून मी त्या जोडावर भरवसा टाकणार नाही. पैसे साठवा, थांबा, पण भाराची चाचणी झालेला संच घ्या. क्रॅश मॅट मात्र इथलीच घ्या. फोम आणि रेक्झिनचं काम आपल्याकडे चांगलं होतं, आणि पोलभोवती बसण्यासाठी मधून कापूनही देतात.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं. खोली गार होत असताना पोल गार होऊच दिला नाही तर? एसी लावण्याआधी पोलला गोधडी गुंडाळून बांधायची, हवा कोरडी झाली की सोडायची. पोल बाहेरच्याच तापमानाला राहील आणि हेअर ड्रायरची गरजही उरणार नाही. जुन्या लुगड्यांची एक लांबट गोधडी घरात आहेच, तिला नाड्या शिवल्या की काम झालं. काळी टेप दोन उंचींवर लावते, एक गोधडीच्या आत आणि एक बाहेर, म्हणजे फरक आकड्यांतच दिसेल. खरं तर ऑगस्टचा महिना आयशासाठी (हातांच्या पकडीवर उलटं तोलायची एक अवघड पोझ) राखून ठेवला होता. आता आधी गोधडीचा प्रयोग आणि जोडीने डाव्या बाजूचा इन्व्हर्ट. डावीकडून चॉपर (पाय फाकवून केलेला इन्व्हर्ट) अजून उडी मारूनच होतो, आणि तो संथ झाल्याशिवाय आयशाकडे वळायचं नाही असं ठरवलंय.

डोमखालची पुट्टीही यंदा दमटपणाने मऊ झाली आहे, त्यामुळे पोल थोडा सैल पडत होता. दर सरावाआधी पाना लावून ताण तपासतेय. तुम्हीही तपासा, विशेषतः वरचा मजला गच्चीचा असेल तर. आणि ज्यांच्याकडे आर्द्रतेचं यंत्र आहे त्यांनी एवढं कराच: सराव सुरू करताना खोलीचं तापमान, आर्द्रता, टेपवरचं पोलचं तापमान आणि त्या दिवशी पोल धरला की निसटला, हे लिहून मला कळवा. नागपूर-संभाजीनगरकडचे आकडे तर हवेच आहेत, कारण तिथे जुलैतही हा हिशेब निराळा येईल असं वाटतंय.