सॉपविथ पपचं इंजिन आणि तांब्याच्या नऊ नळ्या: माझा अनुभव

सॉपविथ पप या पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या १/३२ स्केल मॉडेलचं इंजिन खऱ्यासारखं करायला मला सहा आठवडे लागले आणि त्यातले जवळजवळ चार फक्त नऊ इनटेक नळ्यांवर, म्हणजे सिलिंडरला इंधन-हवा पोचवणाऱ्या नळ्यांवर गेले. बाकी इंजिन कसं झालं ते आता नीटसं आठवतही नाही, पण त्या नळ्या अजून डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहून टाकते, कुणाचे तरी चार आठवडे वाचतील.

किटमध्ये या नळ्या वेगळ्या दिलेल्याच नव्हत्या. सिलिंडरच्या अंगावरच चपटा उठाव होता आणि माहितीपत्रकात एकच ओळ, नळ्या तांब्याच्या रंगाने रंगवा. मला याचा खरंच राग आला, कारण पपचं काउलिंग, म्हणजे इंजिनाभोवतीचं पत्र्याचं कवच, पुढून उघडं आणि त्यातून बघितलं की सगळ्यात आधी नजर जाते ती या नळ्यांवरच. आणि पप माझं फार लाडकं विमान आहे. २ ऑगस्ट १९१७ ला एडविन डनिंगने चालत्या जहाजावर, एचएमएस फ्युरियसवर, पहिल्यांदा विमान उतरवलं ते पपच होतं. त्याचं इंजिन नुसत्या रंगावर भागवायचं मला पटलं नाही.

ज्यांनी रोटरी इंजिन कधी केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण हे कळल्याशिवाय काय दाखवायचं तेच कळत नाही. यात क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मधला दांडा, विमानाला पक्का बसवलेला असतो आणि क्रँककेस (त्याभोवतीची पेटी), नऊ सिलिंडर सगळं प्रोपेलरबरोबर गरागरा फिरतं. कार्ब्युरेटर मागे, तिथून पेट्रोल-हवेचं मिश्रण पोकळ क्रँकशाफ्टमधून क्रँककेसमध्ये येतं आणि मग तांब्याच्या नळ्यांतून एकेका सिलिंडरच्या डोक्याशी जातं. त्या ह्या नळ्या. पपमध्ये ल रोन कंपनीचं ८० हॉर्सपॉवरचं ९सी इंजिन असायचं आणि त्यात नळ्या क्रँककेसला पुढून जोडलेल्या, म्हणजे वरपासून खालपर्यंत पूर्ण दिसतात. ल रोनच्याच ११० हॉर्सपॉवरच्या ९जे मध्ये त्याच नळ्या मागून जोडलेल्या असतात. मी पहिले दोन दिवस ९जे चे फोटो समोर ठेवून मापं घेत बसले होते, ती सगळी फुकट गेली. फोटो गोळा करायच्या आधी नेमकं कुठलं इंजिन आहे ते बघा, नुसतं ल रोन लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका.

सिलिंडर, क्रँककेस, पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) हे सगळं एका आठवड्यात झालं. सिलिंडरवरचा उठाव कानसून काढला, पुशरॉड पातळ स्टीलच्या तारेचे केले, प्रत्येक सिलिंडरला एकच. ल रोनमध्ये एकच दांडा ढकलून एक व्हॉल्व्ह उघडतो आणि ओढून दुसरा, त्यामुळे दोन दांडे लावलेत तर ते चूकच. क्रँककेसवर ४० अंशांवर नऊ भोकं पाडली. हे सगळं सुरळीत झालं म्हणून मला वाटलं नळ्या दोन संध्याकाळींत होतील.

पहिला प्रयत्न सोल्डरच्या तारेचा. ती लोण्यासारखी वाकते, पण वळणावर दबून चपटी होते, आणि वर तांब्याचा रंग कितीही चांगला मारला तरी तो रंगच वाटतो. मग ठरवलं की तांब्याचं आहे तर तांब्याचंच करायचं. घरातल्या वायरिंगची १ चौरस मिमीची एकसंध तार असते तिचा व्यास साधारण १.१३ मिमी, म्हणजे खऱ्या मापात ३६ मिमी, फोटोशी ताडून बघितलं तर नजरेला बरोबर वाटलं. वरचं आवरण सोलून तार काढली, पक्कडीने वाकवायला घेतली आणि तिथून जे अडकले ते अडकलेच.

प्रत्येक नळीला दोन वळणं, एक खाली क्रँककेसपाशी आणि एक वर सिलिंडरच्या डोक्यापाशी, आणि अख्खी नळी साधारण एक सेंमीची. एक नळी सुंदर झाली. दुसरी पण चांगली झाली. पण दोन्ही शेजारी ठेवल्या तर सारख्या नाहीत, आणि नऊ नळ्या गोलाकार लावल्यावर डोळा लगेच वेगळी नळी पकडतो, कारण इंजिन हे मुळात एकाच आकाराचे नऊ तुकडे आहे. अर्धा मिमीचा फरक म्हणजे खऱ्या इंजिनावर १६ मिमी. मी रोज संध्याकाळी पाच-सहा नळ्या करायचे, त्यातली एखादी ठेवण्यासारखी निघायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात बघितली की तीही बाद. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी डबीत चाळीसच्या वर वाकड्या नळ्या होत्या आणि इंजिनावर एकही नव्हती. एका रात्री सगळ्या नळ्या रंगवूनच टाकू असं ठरवून ब्रश हातात घेतलाही होता.

मग लाकडात दोन खिळे ठोकून जिग, म्हणजे तार वळवायचा साचा केला, तारेला खिळ्याभोवती वळवायचं, म्हणजे वळण तरी ठरलेल्या जागी येईल. जागा आली, पण कोन येईना. एक नळी वळवून सोडली की थोडी परत उघडायची, दुसरी जास्त उघडायची, तिसरी अजिबात नाही. मी जिगला दोष देत राहिले, खिळे बदलले, खिळ्यांच्या जागी ड्रिलच्या दांड्या बसवल्या, पक्कड बदलली, काही फरक नाही.

कारण जिगमध्ये नव्हतंच, तारेत होतं. तांबं वाकवलं की कडक होतं, पुन्हा सरळ केलं की अजून कडक होतं. मी गुंडाळीतून तार काढून बोटांनी सरळ करत होते, कुठे दोनदा कुठे पाचदा, म्हणजे एकाच तारेचा प्रत्येक तुकडा वेगळा कडक. मग ती सारखी वळणार कशी? हे लक्षात आलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला की जेवण बाजूला ठेवून परत टेबलावर जाऊन बसले.

आता क्रम सांगते, हाच खरा उपयोगाचा भाग आहे. तारेचं एक टोक वाइसमध्ये पकडा, दुसरं पक्कडीत धरून सरळ जोरात ओढा, तार किंचित लांबल्यासारखी वाटते आणि एकदम सुतासारखी सरळ होते, बोटांनी सरळ करूच नका. मग तिचे २० मिमीचे तुकडे करा, लागतात त्यापेक्षा दुप्पट करा. सगळे तुकडे गॅसच्या ज्योतीत अंधुक लाल होईपर्यंत तापवा, खोलीत उजेड कमी ठेवा म्हणजे लाली दिसते, आणि पाण्यात टाका. पोलाद असं बुडवलं तर कडक होतं, तांबं मऊ होतं. काही सेकंदांचंच काम आहे, जास्त वेळ धरलं तर टोक वितळून गोळी होते. आता सगळे तुकडे सारखेच मऊ असतात. पण एकदा वळवलेलं परत सरळ करायचं नाही, चुकलं तर तो तुकडा टाकायचा, नाहीतर परत तेच.

कोन जमला तरी एक भानगड उरली होती. दुसरं वळण पहिल्याच्या पातळीत येत नव्हतं, नळी टेबलावर ठेवली की डगमगायची. त्यासाठी जिगच्या ठोकळ्यात कानसेने एक सरळ खाच केली आणि खाचेच्या टोकाला भोक पाडलं. पहिलं वळण झालं की ते टोक भोकात उभं जातं, मधला भाग खाचेत आडवा बसतो, आणि मग दुसरं टोक दांडीवरून सरळ खाली दाबायचं, पिळायला जागाच राहत नाही. या ठोकळ्यावर एका संध्याकाळी चौदा नळ्या केल्या आणि त्यातल्या अकरा चांगल्या निघाल्या. चार आठवडे आणि मग एक संध्याकाळ!

तापवल्यावर तार काळी पडते, घाबरू नका. व्हिनेगरमध्ये मीठ घालून त्यात थोडा वेळ ठेवली की स्वच्छ निघते, नंतर पाण्याने नीट धुवायची. मी मात्र पूर्ण चकचकीत केली नाही, वापरातल्या इंजिनाचं तांबं तपकिरीकडे झुकलेलं असतं, म्हणून वरच्या टोकाशी जरा काळसरपणा राहू दिला. यापुढे नळ्यांना बोट लावायचं नाही, चिमट्यानेच उचलायचं, कारण बोटांचे ठसे दोन दिवसांनी डागासारखे उमटतात. माझ्या दोन नळ्यांवर उमटले, त्या काढून परत साफ कराव्या लागल्या.

सुपरग्लू इथे नको. त्याच्या वाफेने आजूबाजूच्या तांब्यावर आणि काळ्या वॉशवर (फटींत सोडलेल्या पातळ रंगावर) पांढरी धूळ बसल्यासारखं होतं. पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी सुईच्या टोकाने लावा, तेवढ्या वेळात नळी थोडी हलवून जागेवर आणता पण येते.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: नळ्या पुढे येतात, त्यामुळे इंजिनाची जाडी वाढते. माझं काउलिंग नळ्यांना घासायला लागलं, मग आतून सँडपेपरने पातळ करत बसावं लागलं, आणि कडा पातळ झाल्यावर ती आधीपेक्षा जास्त पत्र्यासारखी दिसायला लागली हा फायदाच झाला. पण नळ्या चिकटवण्याआधी सुक्या बसवून काउलिंग एकदा घालून बघा.

रंगात फार काही नाही. सिलिंडर पोलादाचे, गडद धातूचा रंग, फटींत काळा-तपकिरी वॉश, कडांवर हलका ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग. एक्झॉस्टच्या लांब नळ्या करत बसू नका, या इंजिनाला त्या नसतातच, धूर आणि न जळलेलं एरंडेल तेल सगळं काउलिंगमध्येच बाहेर पडतं. एरंडेल पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही म्हणून ते वापरायचे आणि ते परत टाकीत येत नसे, सगळं उडून जायचं. म्हणून काउलिंगच्या आत आणि विमानाच्या पोटाखाली मधासारखा पिवळट-तपकिरी तेलाचा ओघळ दाखवला, तोही पुढून मागे, सरळ खाली नाही.

नळ्या तपासायची युक्ती मला शेवटी योगायोगाने सापडली. इंजिन मी फिरतं ठेवलं होतं, खऱ्यासारखं प्रोपेलरसकट. काउलिंग घालायच्या आधी बोटाने जोरात फिरवलं तर तांब्याचं एक स्वच्छ कडं दिसायला हवं होतं, पण एका जागी काहीतरी लुकलुकत होतं. थांबवून बघितलं, सातवी नळी थोडी बाहेर होती, स्थिर असताना चार दिवस मला दिसली नव्हती. ती इपॉक्सीतून सोडवली, उरलेल्या दोनांतली एक बसवली, दुसऱ्या दिवशी परत फिरवलं. कडं एकसारखं आलं. मग काउलिंग बसवलं.