चांगल्या लोकरीची एकच लडी आहे, तिचं काय विणू?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते. कुणी लेहहून पश्मिन्याची पन्नास ग्रॅमची लडी आणलेली असते, कुणाला परदेशातल्या लेकीने मेरिनो मेंढीच्या लोकरीत रेशीम मिसळलेली एक लडी पाठवलेली असते. ती कपाटात वर्षानुवर्षं पडून राहते, कारण स्वेटरला ती पुरत नाही आणि छोट्या वस्तूवर ‘वाया घालवायला’ मन धजत नाही. माझं म्हणणं अगदी उलट आहे. अशी लोकर छोट्या वस्तूसाठीच असते, फक्त ती वस्तू गळ्याला किंवा मनगटाला लागणारी हवी.

कारण साधं आहे. लोकर टोचते ती तिच्यातल्या जाड तंतूंमुळे. साधारण 30 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोकं वाकत नाहीत, ती कातडीत रुततात. लडाख-तिबेटातल्या चांगथांगच्या पठारावरच्या बकऱ्यांची आतली लव, म्हणजे पश्मिना, 12 ते 15 मायक्रॉनची असते. हा मऊपणा उशीच्या अभ्र्यावर किंवा पिशवीवर कुणाला कळणार? मोजेही करू नका. पश्मिन्याचे तंतू आखूड असतात, टाच बघता बघता झिजते. तान्ह्या बाळाच्या टोपऱ्यालाही माझा नकार आहे. ते रोज धुवावं लागतं, आणि मोहेर (एका जातीच्या बकरीची लोकर) किंवा अंगोरा (सशाची लोकर) यांचे सुटे केस बाळाच्या नाकातोंडात जातात.

वस्तू ठरवण्याआधी लडीवरची चिठ्ठी वाचा. पश्मिना आणि काश्मिरी लोकर (चिठ्ठीवर ‘कॅशमीर’) हलकी आणि उबदार असते, पण तिची ओढ कमी असते. ताणलं की मेरिनो जशी चटकन जागेवर येते तशी ही येत नाही, म्हणून सुई एक नंबर बारीक घ्या. रेशीम तर अजिबात ताणत नाही. त्यात हाताचा घट्ट-सैलपणा प्रत्येक टाक्यात दिसतो आणि बांबूच्या किंवा लाकडी सुईवर विणलं तरच टाके घसरत नाहीत. अल्पाका (दक्षिण अमेरिकेतल्या उंटाच्या कुळातल्या प्राण्याची लोकर) जड असतो आणि वापरात लांबतो. त्याची टोपी दोन महिन्यांत डोळ्यांवर उतरते, पण गळपट्टा झुळझुळीत होतो. या सगळ्यांत सोपी मेरिनो. पहिल्यांदाच महाग लोकर हातात घेणाऱ्याने मेरिनोत थोडं रेशीम किंवा थोडी काश्मिरी असलेली लडी घ्यावी.

सुयांच्या नंबरांची एक गडबड नेहमी होते. आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन नमुन्यात नेमकं उलटं असतं. आपली 8 नंबर 4 मिलिमीटरची, अमेरिकन 8 नंबर 5 मिलिमीटरची. म्हणून नंबर सोडा, मिलिमीटर बघा. आपली 11 नंबर 3 मिलिमीटर, 10 नंबर सव्वातीन.

आता 25 ग्रॅमची वस्तू. बारीक लोकरीत 25 ग्रॅम म्हणजे साधारण 100 मीटर. त्यात बिनबोटांचे हातमोजे नीट होतात, आणि माझ्या मते एवढ्याशा लोकरीचा याहून चांगला उपयोग नाही. पुण्या-नाशिकच्या थंडीत सकाळी स्कूटरवर, एसी ऑफिसात टाइप करताना, कुठेही चालतात. अंगठा वेगळा विणायचा नाही, चार सुया लागत नाहीत, नेहमीच्या दोन सुयांवर होतात.

आधी लडीचा गुंडा करा आणि वजनकाट्यावर त्याचे दोन सारखे भाग करा. ही पायरी गाळली की पहिला मोजा ऐटीत लांब होतो आणि दुसऱ्याला लोकर कमी पडते. 11 नंबरच्या सुईवर 46 टाके घाला. टोकाचा आणि गुंड्याचा अशा दोन धाग्यांनी टाके घालत असाल तर टोकाला सव्वा मीटर धागा सोडा. टाक्यांना साधारण पाऊण मीटर लागतो आणि उरलेल्यात खालची शिवण होते, नवीन धागा जोडावा लागत नाही. सुलट बाजूला दोन सुलट, दोन उलट अशी ओळ, शेवट दोन सुलटवर. उलट बाजूला दोन उलटने सुरुवात, शेवटही दोन उलटवर. टाके 44 नाही, 46 का? शिवताना दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीत जातो, उरलेला एकेक मिळून दोन सुलट होतात आणि पट्ट्यांची रांग शिवणीवरून अखंड जाते. शिवण कुठे आहे ते शोधावं लागतं.

असं 16 सेंटिमीटर विणा, हात जसा असेल तशा साठ-एक ओळी होतील. टाके एक नंबर जाड सुईने बंद करा. नेहमीच्या सुईने बंद केले तर वरची कड दोरीसारखी आवळते आणि बोटांच्या मुळाशी काचते. नंतर खालून 9 सेंटिमीटर शिवा, साडेचार सेंटिमीटर अंगठ्यासाठी मोकळं सोडा, वरचं अडीच सेंटिमीटर शिवा. फटीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन जास्तीचे टाके मारा, ओढ तिथेच बसते. दोन्ही मोज्यांना मिळून 20 ग्रॅमच्या आत-बाहेर लोकर लागते. उरेल तेवढ्यात दोन्हीची लांबी सारखी वाढवायची असेल तर प्रत्येक भागातला दीड मीटर धागा बंद करायला आणि वरच्या शिवणीला राखून बाकीचा संपेपर्यंत विणा.

पन्नास ग्रॅम, म्हणजे दोनशे मीटर असेल तर गळ्यात घालायचा गोल पट्टा करा: घेर 60 सेंटिमीटर, उंची 22. सुई 8 नंबर. दोन सुयांवर 22 सेंटिमीटर रुंदीची पट्टी 60 सेंटिमीटर लांब विणून टोकं जोडा. मेरिनोत एक सुलट एक उलट, आणि पुढच्या ओळीत सुलटावर उलट, उलटावर सुलट, असा दाणेदार विणा, कडा वळत नाहीत. लडी हाताने रंगवलेली, एकात अनेक रंगांची असेल तर जाळीचा नमुना घेऊ नका. रंग आणि जाळी एकमेकांना झाकतात, आणि दोन्हीची मेहनत फुकट जाते.

मोहेर-रेशमाचा 25 ग्रॅमचा गुंडा साधारण 210 मीटरचा असतो. साडेचार-पाच मिलिमीटरच्या सुईवर, एक ओळ सुलट एक उलट, 20 सेंटिमीटर रुंदीचा सव्वा मीटर स्कार्फ त्यात बसतो. मोहेर घट्ट विणू नका, केसांना फुलायला टाक्यांमध्ये मोकळी जागा लागते. आणि मोहेर उसवणं फार कठीण. केस एकमेकांत अडकलेले असतात, ओढलं की धागा तुटतो. विणकाम पिशवीत घालून तासभर फ्रीझरमध्ये ठेवलं तर थोडं सोपं जातं, तरीही एकेक टाका सोडवत, अडकलेला केस बारीक कात्रीने कापतच जावं लागतं.

त्रिकोणी शालीत लोकर हमखास फसवते. टोकापासून टाके वाढत जाणारी शाल लांबीला 70 टक्के झाली तेव्हा लोकर जेमतेम निम्मी संपलेली असते, उरलेल्या 30 टक्क्यांत दुसरी निम्मी जाते. म्हणून ओळी मोजून अंदाज बांधू नका, गुंडा वजन करत राहा. टाके बंद करायला कडेच्या लांबीच्या चौपट धागा लागतो. सव्वा मीटरची कड असेल तर पाच मीटर, म्हणजे दोनशे मीटरच्या पन्नास ग्रॅमी लोकरीत सव्वा ग्रॅम. पाव ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा नसेल तर तीन ग्रॅम उरले की थांबा. जाळीचा भाग सुरू करण्यापूर्वी सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून शिवणाच्या सुईने वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून ठेवा. चूक झाली तर त्या दोऱ्यापर्यंत बिनधास्त उसवता येतं.

लडीचा गुंडा करताना ती गाठी सोडण्याआधी दोन खुर्च्यांच्या पाठींवर चढवा. गुंडा सैल गुंडाळा, बोटं आत घालून. घट्ट गुंड्यात लोकर ताणलेली राहते, विणलेलं कापड पहिल्या धुण्यात आक्रसतं आणि दोष लोकरीवर येतो.

धुण्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक. ती मशीनमध्ये चालते, खऱ्या लोकरीचं तसं नाही. तिच्या तंतूंवर खवले असतात. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की खवले एकमेकांत रुततात आणि कापडाचा घट्ट नमदा होतो, तो परत सुटत नाही. एन्झाइमवाली डिटर्जंटं टाळा, ती प्रथिनांचे डाग फोडण्यासाठी असतात आणि लोकर, रेशीम दोन्ही प्रथिनंच आहेत. रिठ्याचं गाळलेलं पाणी उत्तम, फक्त पांढऱ्या लोकरीवर त्याचा पिवळसर रंग चढू शकतो, तिथे सौम्य शाम्पू वापरा. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं नुसतं बुडवून ठेवा. त्याच तापमानाच्या पाण्याने खळबळा. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबा आणि सावलीत आडवं पसरा. ओलं दोरीवर लटकवून वाळत घातलं की स्वतःच्या वजनाने लांबतं, अल्पाका तर नक्कीच.

काश्मिरी लोकर नवी असताना थोडी कोरडी, चपटी लागते. कारखान्यात कातताना लावलेलं तेल तिच्यावर असतं. एक-दोन धुण्यांनंतर ती फुलते, त्यामुळे दुकानातल्या स्पर्शावरून नाराज होऊ नका. वापराच्या सुरुवातीला गोळे येतील, मनगटाच्या आतल्या बाजूला जास्त. ते कंगव्याने किंवा हाताने अलगद काढा, ओढून तोडू नका. सुटे आखूड तंतू निघून गेले की गोळे कमी होतात.

पावसाळ्यापूर्वी धुऊन, पूर्ण वाळवून हवाबंद डब्यात ठेवा. कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी जाते, म्हणून न धुता ठेवलेलीच वस्तू आधी भोकं पडून निघते. शंका आली तर बंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. नीमपत्ता-लवंगेवर विसंबू नका, आत शिरलेल्या अळ्या त्याने मरत नाहीत. उरलेली दोन-चार ग्रॅम लोकर त्याच डब्यात, चिठ्ठीसकट ठेवा. अंगठ्याची फट उसवली तर त्याच रंगाचा धागा दुसऱ्या कुठल्याच लडीत मिळणार नाही.